कॅप्सूल एंडोस्कोपी : लहान आतड्याचे चित्र दिसते, पण निदान कसे ठरते?

मंद्रसप्तक (धागालेखिका)

माझ्या आईचे वय ७१ आहे. गेल्या वर्षी आठ महिन्यांत तिचे हिमोग्लोबिन तीन वेळा सहाच्या आसपास उतरले, तिन्ही वेळा रक्त चढवावे लागले आणि प्रत्येक वेळी जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून केलेली तपासणी निर्दोष निघाली. शी अधूनमधून डांबरासारखी काळी होत होती, म्हणजे रक्त पोटातच कोठेतरी जात होते. पण कोठून जात होते ते कोणाला सांगता येत नव्हते. शेवटी एका पोटविकारतज्ज्ञांनी कॅप्सूल एंडोस्कोपी (कॅमेरा असलेली गोळी गिळून करायची तपासणी) करायला सांगितली आणि तीत लहान आतड्याच्या मधल्या भागात बारीक, लालभडक रक्तवाहिन्यांचे दोन पुंजके दिसले. मी वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात अभियंता म्हणून काम करते, डॉक्टर नाही. तरीही आईच्या आजारपणाच्या निमित्ताने या तपासणीवरचे बरेच संशोधन मुळातून वाचले आणि मराठीत त्याविषयी सलग लिहिलेले काही हाती लागले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या लिहिण्यात चूक आढळली तर जाणकारांनी अवश्य दाखवावी.

अडचण मुळात शरीररचनेची आहे. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत पोहोचते आणि गुदद्वारातून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत जाते. या दोन टोकांच्या मधले, कित्येक मीटर लांबीचे, वेटोळ्यांचे आणि सतत हलणारे आतडे पूर्वी डॉक्टरांना जवळपास अदृश्यच असे. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात आतड्याचा आकार दिसतो, पण पृष्ठभागावरचा दोन मिलिमीटरचा लाल ठिपका दिसत नाही, आणि माझ्या आईचा आजार नेमका तेवढ्याच आकाराचा होता.

गिळण्याजोग्या यंत्राची कल्पना जुनी आहे. स्टुअर्ट मॅके आणि बर्टील जेकबसन यांनी १९५७ मध्येच आतड्यातील दाब व तापमान रेडिओ लहरींनी बाहेर कळवणारी गोळी तयार केली होती. तिला डोळा मात्र नव्हता. इस्राएलच्या संरक्षण संशोधन संस्थेत क्षेपणास्त्रांच्या प्रकाशीय यंत्रणांवर काम करणारे अभियंते गॅव्हरिएल इडान १९८१ मध्ये रजेवर बोस्टनला राहत होते. त्यांचे शेजारी एटान स्कापा हे पोटविकारतज्ज्ञ होते आणि लहान आतडे दिसत नाही ही त्यांची नेहमीची तक्रार होती. इडान यांनी त्यावर विचार केला, पण त्या काळातील कॅमेऱ्यांची विजेची भूक एवढी मोठी होती की गोळीत मावणारी बॅटरी काही मिनिटांतच संपली असती. हा प्रश्न सुटायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. अमेरिकेतील नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फार थोड्या विजेवर चालणारा, एकाच चिपवर मावणारा प्रतिमासंवेदक विकसित केला. तो अंतराळयानांसाठी होता. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याच जातीचा संवेदक आहे. त्यामुळे गोळीत डोळा बसवणे शक्य झाले. लंडनचे पॉल स्वेन त्याच वेळी स्वतंत्रपणे याच दिशेने प्रयोग करत होते. पुढे दोन्ही गट एकत्र आले, ऑक्टोबर १९९९ मध्ये स्वेन यांनी ती कॅप्सूल स्वतः गिळली आणि मे २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका पानाचा निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००१ मध्ये तिला मान्यता दिली.

मूळ कॅप्सूल ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब होती, वजन चार ग्रॅमांच्या आत. एका टोकाला पारदर्शक घुमट, आत पांढरे प्रकाश देणारे दिवे, भिंग, संवेदक, घड्याळात असतात तशा दोन सिल्व्हर ऑक्साइडच्या बॅटऱ्या, आणि दुसऱ्या टोकाला चित्रे बाहेर पाठवणारा छोटा रेडिओ. ती दर सेकंदाला दोन चित्रे घेत असे. आठ तासांत ही संख्या पन्नास हजारांच्या पुढे जाते. पोटावर चिकटवलेले संवेदक चित्रे पकडतात, कमरेच्या पट्ट्यावरचा संग्राहक ती साठवतो आणि कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडून जाते. तिला स्वतःची गती अजिबात नाही. आतडे जसे अन्न पुढे ढकलते तसेच तिलाही ढकलते, म्हणून ती एखाद्या ठिकाणी वीस मिनिटे रेंगाळते आणि पुढचे वळण दोन सेकंदांत ओलांडते. तिच्या बहुतेक मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

आता संशोधनाकडे वळते. नव्या उपकरणाला खरोखर दिसते का, हे तपासण्यासाठी सुरुवातीच्या एका प्रयोगात कुत्र्यांच्या लहान आतड्यात रंगीत मणी शिवून ठेवले होते, म्हणजे एकूण किती वस्तू दिसायला हव्यात हे आधीच माहीत होते. कॅप्सूलने ६४ टक्के मणी टिपले, तर त्या काळच्या लांब दुर्बिणीने ३७ टक्के. हा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो, कारण नव्या साधनाची सरशी सांगताना त्याच्या नजरेतून तिसऱ्या हिश्शाहून अधिक गोष्टी निसटल्या हेही तो लपवत नाही. त्यानंतर लुईस आणि स्वेन यांच्या २० रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासात कॅप्सूलला ११ जणांत रक्तस्रावाचे कारण दिसले, दुर्बिणीला ६ जणांत. पुढे १४ अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात हेच प्रमाण ६३ विरुद्ध २८ टक्के आले. २०१० मध्ये २२,८४० तपासण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ५९.४ टक्के तपासण्यांत काहीतरी आढळले, ८३.५ टक्के कॅप्सूल बॅटरी संपण्यापूर्वी मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचल्या आणि १.४ टक्के आत अडकल्या.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला अभ्यास मात्र इटलीतील पेनात्सियो आणि सहकाऱ्यांचा, २००४ चा आहे. त्यांनी गूढ रक्तस्रावाच्या शंभर रुग्णांचे तीन गट केले. ज्यांना तपासणीच्या वेळी डोळ्यांना दिसेल असा रक्तस्राव चालू होता, त्यांच्यापैकी ९२.३ टक्के रुग्णांत कारण सापडले. ज्यांच्यात लपलेला रक्तस्राव आणि लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ४४.२ टक्के, आणि ज्यांचा रक्तस्राव पूर्वी होऊन थांबलेला होता, त्यांच्यात केवळ १२.९ टक्के. कॅप्सूल तीच, वाचणारे डॉक्टर तेच, फरक मुख्यतः वेळेचा. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने आधी चौदा दिवसांच्या आत तपासणी करावी असे सांगितले होते आणि २०२२ च्या सूचनांत, उघड रक्तस्राव असल्यास ती शक्य तितक्या लवकर, शक्यतो ४८ तासांच्या आत करावी असे म्हटले आहे. माझ्या आईची तपासणी तिसऱ्या रक्तस्रावानंतर दोन महिन्यांनी ठरली होती. ती तारीख तशीच राहिली असती तर कदाचित काहीच दिसले नसते. ठरलेल्या दिवसाच्या आधीच शी पुन्हा काळी झाली, मी त्याच सकाळी दवाखान्यात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तिला कॅप्सूल दिली गेली. या एका निरीक्षणासाठी तरी हा धागा लिहावा असे मला मनापासून वाटले.

निशिगंध

लेख आवडला. एक प्रत्यक्ष अडचण विचारते. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आजाराचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणाऱ्या आजाराचे) निदान होऊन सहा वर्षे झाली आहेत. अलीकडे जेवल्यानंतर त्याच्या पोटात कळा येतात आणि पोट फुगते. कॅप्सूल करून घ्यावी असे आम्ही सुचवले, तेव्हा डॉक्टरांनी ठाम नकार दिला आणि आधी सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचे सीटी स्कॅन) करायला लावली. तुम्ही दिलेला १.४ टक्क्यांचा आकडा तर फार लहान आहे. मग एवढी काळजी कशासाठी?

मंद्रसप्तक

निशिगंध, तो आकडा सर्व प्रकारच्या रुग्णांचा एकत्रित आहे आणि आपल्या घरातल्या रुग्णाला सरासरी लागू पडतेच असे नाही. कॅप्सूल दोन आठवड्यांत बाहेर पडली नाही किंवा ती काढण्यासाठी काही उपचार करावे लागले, तर ती अडकली असे मानतात. ज्यांना क्रोन्स असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यांच्यात हे प्रमाण बरेच जास्त असते, कारण जुन्या व्रणांमुळे आतडे ठिकठिकाणी आकसून अरुंद झालेले असते. जेवणानंतर कळा येणे हे अशा अरुंद जागेचेच लक्षण असू शकते. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी घेतलेला निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

अशा रुग्णांसाठी एक चाचणी-कॅप्सूल असते. आकाराने ती खऱ्या कॅप्सूलइतकीच असते, पण आत कॅमेरा नसून लॅक्टोज आणि बेरियम यांचा गाभा व एक अतिसूक्ष्म रेडिओ खूण असते. साधारण तीस तासांनंतर ती आपोआप विरघळू लागते. त्याआधी ती अखंड बाहेर पडली, किंवा ती मोठ्या आतड्यात पोहोचल्याचे दिसले, तर वाट मोकळी आहे असे समजून खरी कॅप्सूल देता येते. अडकलेली कॅप्सूल बहुधा दुखत नाही आणि रुग्णाला ती कळतही नाही. पण ती काढण्यासाठी औषधे, बलून एंटेरोस्कोपी (फुग्यांच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेली दुर्बीण) किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये, ही सूचनाही घरातल्या सर्वांना माहीत असावी, कारण अपघातासारख्या प्रसंगी रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो.

सांजवारा

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षे मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. धागालेखिकेने अभ्यासपूर्वक लिहिले आहे. मला त्यात आपल्या भागातील रुग्णांच्या दृष्टीने एक भर घालायची आहे, आणि ती थोडी विस्ताराने घालतो, कारण कॅप्सूलविषयीचे बहुतेक मूळ संशोधन ज्या देशांत झाले तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

आपल्याकडे लहान आतड्यात व्रण दिसले की दोन आजार समोर उभे राहतात, एक क्रोन्स आणि दुसरा आतड्याचा क्षयरोग. दोन्हींत वजन घटते, ताप येतो, पोट दुखते, दोन्हींना लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळची जागा प्रिय आहे, आणि दोन्हींत आतडे अरुंद होते. पाठ्यपुस्तकात फरक दिलेले आहेत : क्षयरोगाचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला कड्यासारखा वेढा घालणारे असतात, तर क्रोन्सचे व्रण उभे आणि लांब असतात व त्यांच्या मधली त्वचा फरसबंदीसारखी उंचसखल दिसते. प्रत्यक्षात मात्र मी असे कित्येक रुग्ण पाहिले आहेत ज्यांत या दोन्ही वर्णनांची सरमिसळ होती. कॅप्सूलला हात नाहीत. तिला व्रणाच्या कडेचा तुकडा घेता येत नाही, तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवता येत नाही, त्यातून जंतू वाढवून पाहता येत नाहीत. आणि इथे चूक झाली तर ती महाग पडते, कारण क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली आणि रुग्णाला प्रत्यक्षात क्षयरोग असला, तर तो अंगभर पसरू शकतो. म्हणून 'व्रण आढळले, क्रोन्सची शक्यता' एवढेच लिहिलेला कॅप्सूलचा अहवाल घेऊन कोणी आले, तर मी तो निदान मानत नाही. दुर्बीण जेथवर पोहोचेल तेथून तुकडा मिळवतो, छातीचे चित्र आणि सीटी पाहतो, आणि तरीही निर्णय होत नसेल तर क्षयरोगाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी व्रण भरले का ते पुन्हा दुर्बिणीतून पाहतो.

दुसरा मुद्दा वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून गोळ्या घेणारे लोक आपल्या आजूबाजूला किती आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. या गोळ्या जठराला इजा करतात हे जुने ज्ञान. लहान आतड्याला किती इजा करतात हे कॅप्सूलने दाखवले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे नॅप्रॉक्सेन हे वेदनाशामक आणि त्यासोबत आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल दिले होते. त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांच्या लहान आतड्यात नव्या जखमा आढळल्या, सेलेकॉक्सिब हे दुसरे वेदनाशामक घेणाऱ्यांत १६ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. याचा अर्थ असा की ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली म्हणजे पोट सुरक्षित राहिले ही समजूत जठरापुरती खरी आहे, त्याच्या खाली ती लागू नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. औषध देण्यापूर्वीच, पूर्ण निरोगी लोकांपैकी १३.८ टक्के जणांच्या लहान आतड्यात बारीक जखमा होत्या. तेव्हा दोन-चार बारीक जखमा दिसल्या म्हणून कोणाच्या कपाळी आयुष्यभराचा आजार लिहू नये. कॅप्सूलपूर्वी किमान एक महिना वेदनाशामके बंद ठेवावीत असे सांगतात ते याचसाठी. हृदयासाठी दिलेले ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

शेवटी मंद्रसप्तक यांना एक प्रश्न. आईच्या हृदयाच्या झडपांची तपासणी झाली आहे का? छातीवर नळी लावल्यावर कोणी आवाज ऐकू आल्याचे म्हटले होते का?

मंद्रसप्तक

डॉक्टर, तुम्ही एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. क्षयरोगाचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता. आईच्या हृदयाचा इको मागील पाच वर्षांत झालेला नाही. आवाजाविषयी कोणी काही बोलल्याचे आठवत नाही. हा प्रश्न कशासाठी विचारलात हे सांगाल का?

सांजवारा

अमेरिकेतील एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी १९५८ मध्ये एका छोट्या पत्रात लिहिले होते की महाधमनीची झडप अरुंद झालेल्या आपल्या दहा रुग्णांत पोटातून अकारण रक्तस्राव होताना त्यांनी पाहिला. या संबंधाची उकल बऱ्याच वर्षांनी झाली. अरुंद झडपेतून रक्त अतिशय वेगाने घुसते, तेव्हा रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रांड घटकाच्या लांब साखळ्या ताणल्या जाऊन तुटतात, आणि मग आतड्यातील नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांतून होणारा झिरपा सहजासहजी थांबत नाही. उतारवयातील रुग्णाच्या लहान आतड्यात असे लाल पुंजके दिसले की मी झडपेचा विचार करतोच. कॅप्सूल आतड्यातील जागा दाखवते, कारण काही वेळा छातीत असते. इको साधी तपासणी आहे, करून घ्या.

कोकणवाट

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून कृमींचा उल्लेख करतो. २०१८ च्या सुरुवातीला दिल्लीतील एका मुलाची हकिकत वर्तमानपत्रांत आली होती. चौदा वर्षांच्या त्या मुलाला दोन वर्षांत रक्ताच्या पन्नास पिशव्या लागल्या होत्या आणि जठराच्या व मोठ्या आतड्याच्या तपासण्यांत काही सापडत नव्हते. कॅप्सूलमध्ये लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त शोषणारे असंख्य अंकुशकृमी दिसले. उपचार जंताच्या गोळ्यांचाच होता आणि मुलगा बरा झाला. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायांतून हे कृमी शरीरात शिरतात. आमच्या भागात भातलावणी अनवाणी होते, म्हणून ही हकिकत माझ्या लक्षात राहिली. एवढी महाग तपासणी करण्याआधी जंताचे औषध देऊन पाहणे योग्य ठरणार नाही का?

सांजवारा

तुमचे म्हणणे रास्त आहे. लोहाच्या कमतरतेचा रुग्ण शेतमजूर असेल, तर शौचाची तपासणी आणि अल्बेंडाझोल हे माझ्याकडे कॅप्सूलच्या कितीतरी आधी येते. मात्र जंताचे औषध दिले म्हणून पुढची चौकशी थांबवायची नाही. पन्नाशीच्या पुढे लोहाची कमतरता असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते.

प्रतिमापारखी

मी वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणाचे काम करतो, म्हणून या तपासणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी लिहितो. पन्नास हजार चित्रे काढणे सोपे आहे, ती पाहणे अवघड. आजाराची खूण कधीकधी त्यांपैकी दोन किंवा तीनच चित्रांत असते. डॉक्टर ती चित्रफितीसारखी वेगाने पाहतात आणि त्यात तासभर सहज जातो. एका बैठकीत एकामागून एक कॅप्सूल वाचल्या तर वाचणाऱ्याची अचूकता लवकरच घसरू लागते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

चीनमधील ७७ केंद्रांतील ६,९७० रुग्णांची, एकूण ११ कोटींहून अधिक चित्रे वापरून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाने संशयास्पद चित्रे वेगळी काढायची आणि डॉक्टरांनी तेवढीच पाहायची, अशी त्याची रचना होती. सरासरी वेळ ९६.६ मिनिटांवरून ५.९ मिनिटांवर आला. विकृती असलेल्या रुग्णांपैकी ९९.८८ टक्के या पद्धतीने ओळखले गेले, नेहमीच्या वाचनाने ७४.५७ टक्के. युरोपातील चौदा केंद्रांचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात लहान आतड्यातील संशयित रक्तस्रावाचे रुग्ण होते. तेथेही वाचनाचा वेळ ३३.७ मिनिटांवरून ३.८ मिनिटांवर आला आणि कारण सापडण्याचे प्रमाण ६२.४ वरून ७३.७ टक्क्यांवर गेले.

वेळेच्या बचतीवर माझा पूर्ण विश्वास आहे. ९९.८८ या आकड्याकडे मात्र मी जपून पाहतो. अशा अभ्यासांत 'खरे उत्तर' ठरवण्यासाठी कोणाचे आतडे उघडून पाहिलेले नसते. जी चित्रे उपलब्ध आहेत त्यांवरच तज्ज्ञांचे एकमत घेतलेले असते. जे कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहिले, ते मनुष्यालाही दिसले नाही आणि संगणकालाही. आणि ते हिशेबात धरलेच जात नाही. धागालेखिकेने सांगितलेला मण्यांचा प्रयोग याच कारणाने मला मोलाचा वाटतो, कारण तेथे खरे उत्तर बाहेरून ठरलेले होते. शिवाय डॉक्टरांनी वर मांडलेला क्रोन्स आणि क्षयरोगाचा पेच संगणकाने सोडवायचा असेल, तर त्याला शिकवण्यासाठी ज्यांचे निदान तुकड्याच्या तपासणीने पक्के झाले आहे अशा भारतीय रुग्णांची चित्रे लागतील. ज्या प्रदेशात आतड्याचा क्षयरोग क्वचितच आढळतो, तेथील चित्रांवर शिकलेली यंत्रणा आपल्या रुग्णाचा प्रत्येक व्रण क्रोन्सच्या खात्यात टाकण्याचा धोका आहे. हे काम आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांतून व्हायला हवे असे मला कळकळीने वाटते.

निशिगंध

कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीच्या) ऐवजी कॅप्सूल घेता येईल का? माझे वडील त्या तपासणीला घाबरून दोन वर्षे टाळाटाळ करत आहेत.

सांजवारा

मोठ्या आतड्यासाठी वेगळी, दोन्ही टोकांना कॅमेरे असलेली कॅप्सूल आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अकरा हजार रुग्णांसाठी ती वापरण्याचा उपक्रम जाहीर केला होता. ८८४ जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात सहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठी) असलेल्या व्यक्तींपैकी ८१ टक्के तिने ओळखल्या. परंतु पॉलिप दिसला की तो काढण्यासाठी कोलोनोस्कोपी करावीच लागते, आणि आतडे स्वच्छ करण्याचे औषध कॅप्सूलसाठी नेहमीपेक्षा जास्तच प्यावे लागते, कारण आत पाणी मारून जागा धुण्याची सोय कॅप्सूलला नाही. वडिलांना भीती त्रासाची वाटत असेल तर झोपेचे इंजेक्शन देऊन कोलोनोस्कोपी करता येते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. जठरासाठी बाहेरून चुंबकाने फिरवता येणारी कॅप्सूल चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरतात, तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्यामुळे. आपल्याकडे साध्या दुर्बिणीने ते काम कमी खर्चात होते आणि तुकडाही घेता येतो.

मंद्रसप्तक (तीन आठवड्यांनंतर)

पुढची हकिकत सांगते. कॅप्सूलमध्ये दिसलेले दोन्ही पुंजके बलून एंटेरोस्कोपीने जाळण्यात आले. जपानचे हिरोनोरी यामामोटो यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. दुर्बिणीच्या आणि तिच्यावरच्या नळीच्या टोकांना फुगे असतात, ते आलटून पालटून फुगवत, आतडे बाहीसारखे मागे गोळा करत दुर्बीण आत नेतात. तोंडाकडून जावे की गुदद्वाराकडून, हे कॅप्सूल जठर सोडल्यापासून किती वेळाने त्या जागी पोहोचली यावरून ठरवले गेले. आईच्या बाबतीत तो वेळ एकूण प्रवासाच्या निम्म्याहून कमी होता, म्हणून तोंडाकडून गेले आणि दोन्ही जागा सापडल्या.

तपासणीच्या तयारीविषयी कोणी व्यक्तिगत निरोपातून विचारले होते. आईला बारा तास उपाशी ठेवून आदल्या संध्याकाळी पोट साफ करण्याचे दोन लिटर औषध दिले होते. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांचा काळा थर आतड्याच्या भिंतीवर बसतो. आमच्याकडे तपासणी तातडीने झाल्यामुळे तेवढा अवधी मिळाला नाही आणि शेवटच्या भागातील काही चित्रे त्यामुळे धूसर आली. कॅप्सूल गिळल्यावर दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी हलके खाणे चालले.

डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे इको केला. महाधमनीची झडप बरीच अरुंद झाली आहे. आईला चार जिने चढताना दम लागायचा तो रक्त कमी झाल्यामुळे, असे आम्ही वर्षभर धरून चाललो होतो.

सांजवारा

अहवाल कळवलात हे बरे केले. रक्त कमी असतानाही दम लागतो आणि झडप अरुंद असतानाही, म्हणून तुमची समजूत चुकीची होती असे नाही, ती अर्धी होती. हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना कॅप्सूलचा आणि एंटेरोस्कोपीचा अहवाल सोबत न्या आणि वर्षभरात किती वेळा रक्त चढवले हे तारखांसह लिहून द्या. झडप बदलल्यानंतर अनेक रुग्णांचा रक्तस्राव कमी होतो, पण कृत्रिम झडपेचा कोणता प्रकार निवडायचा आणि रक्त पातळ करणारे औषध किती काळ द्यायचे, हे ठरवताना त्यांना आतड्याची ही माहिती हवीच असेल. तोपर्यंत दर महिन्याला हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांनी फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) पाहत राहा. शी पुन्हा काळी झाली आणि त्या वेळी लोहाच्या गोळ्या चालू नसतील, तर या वेळी केलात तसाच त्याच दिवशी फोन करा.

मंद्रसप्तक

गुरुवारची वेळ मिळाली आहे. तारखांची यादी आज रात्री लिहून काढते.